मापाची वात

बातमी आली त्या दिवशी जेनेट मेण वितळवत होती.

नोव्हेंबर सरत आला होता. त्या दिवसांत स्केलडेलच्या खोऱ्यात ऊन डोंगराआडून डोकावतं आणि चुकून दुसऱ्याच्या घरात शिरल्यासारखं लगेच माघारी फिरतं. दुपारीच घरात अंधारून आलं होतं. चुलीत रानातल्या दलदलीतून कापून वाळवलेल्या काळ्या मातीच्या, पीटच्या विटा धुमसत होत्या. त्यावरच्या भांड्यात जेनेटच्या स्वतःच्या पोळ्यांमधलं, वर्षभर जपून ठेवलेलं मेण हळूहळू पिवळं पाणी होत होतं. घरात दिव्याला जळायची ती मेंढीची चरबी, आणि तिचा वास कपड्यांतून, भाकरीतून, केसांतून जायचा नाही. मेण फक्त चर्चसाठी. त्याचा वास सुटला की घरात कुणी मानाचं माणूस येऊन बसल्यासारखं वाटे.

खाटेवर ग्रिसेल पडून होती. सात वर्षांची पोर. त्या साली पानं झडायला लागली तसा ताप खोऱ्यात उतरला आणि उंबरे मोजत फिरला. जेनेटच्या घरात तो आधी नवऱ्यापाशी थांबला, मग थोरल्या मुलापाशी. दोघांनाही चर्चच्या अंगणात मातीआड करून ती घरी आली, तर ग्रिसेलचे ओठ सुकलेले. तेव्हा तिने कुणाचा सल्ला घेतला नाही. तडक जाऊन मॉड म्हातारीला घेऊन आली.

मॉडने त्या सकाळी मुलीचं माप घेतलं होतं. तागाचा नवा दोरा, टाळूपासून टाचेपर्यंत, अंगाला न लावता, अंगावर धरून. तो दोरा वात होणार, त्यावर मेण चढणार, आणि मुलीच्या उंचीची ती वात संत सिथाच्या पायाशी जळणार. माणसाच्या बदली त्याचं माप द्यायचं, असा तो नवस. संत सिथा स्वयंपाकघरातल्या बायकांची. हरवलेली किल्ली शोधून देणारी, उतू जाणारं दूध सांभाळणारी. चर्चच्या डाव्या भिंतीतल्या कोनाड्यात तिची लाकडी मूर्ती होती आणि मूर्तीच्या हातात खऱ्या लोखंडी किल्ल्यांचा जुडगा होता.

दोरा टाचेपर्यंत पोचला आणि मुलीच्या कपाळावर घाम फुटला.

"उतरला," मॉड म्हणाली. "बाईनं ऐकलं तुझं. आता तू तुझा शब्द पाळ."

"आजच करते."

"कर, पण नीट कर. गिरणीवालीनं मेणात चरबी मिसळली होती. म्हणे, संताला काय कळतंय. गाईचं दूध आटलं तिच्या."

"तिची गाय म्हातारी होती, मॉडआजी."

"मीही म्हातारीच आहे, माझी जीभ आटली का?" मॉडने दोऱ्याची दोन्ही टोकं तिच्यापुढे धरली. "आधी डोक्याकडच्या टोकाला गाठ मार. वात पायाकडून पेटवायची असते. दुखणं वर वर चढतं आणि डोक्यावरून निघून जातं. उलटी पेटली तर..."

"तर काय?"

"गाठ मार म्हणजे मला सांगावं लागणार नाही."

जेनेटने दोरा हातात घेतला. एवढ्यात दारावर थाप पडली आणि तिचा दीर कथबर्ट चिखलाच्या बुटांसकट आत आला. कथबर्ट चर्चचा कारभारी होता. छपराची गळती, मेणाचा हिशेब, घंटेचे दोर, सगळं त्याच्याकडे. बोलायला मोकळा, हसायला सैल. आज मात्र तो दाराशीच उभा राहिला.

"थोरली राणी गेली, वहिनी," तो म्हणाला. "लंडनला. धाकटी बसली गादीवर."

"देव तिच्या आत्म्याला..."

"थांबा, थांबा. मेलेलीसाठी प्रार्थना चालते की नाही, ते आता जिवंत आहे ती ठरवणार. पाद्रीबाबा दोन्ही बाजूंचं पाठ करून बसलेत."

मॉडने तोंड वाकडं केलं. "सख्ख्या बहिणी. थोरलीनं धाकटीला किल्ल्यात कोंडलं होतं ना?"

"कोंडलं होतं. आता धाकटी थोरलीच्या संतांना कोंडेल. बापानं मठ मोडले, भावानं मूर्ती काढायला लावल्या, थोरलीनं परत बसवल्या. भांडण त्यांच्या घरचं आणि शिडी मात्र माझी. चुन्याची बादली कुठं ठेवली तेच आठवत नाहीये. गेल्या वेळी तुमच्या त्या सिथाला मी गवताच्या गंजीत लपवलं होतं. इतकी वर्षं बाईनं उंदरांचे संसार सांभाळले."

"हसू नकोस," मॉड म्हणाली. "तेव्हाही तिनं किल्ल्या हातातून सोडल्या नव्हत्या."

"नव्हत्या खऱ्या," कथबर्ट म्हणाला. "मी ओढून पाहिल्या होत्या. लोखंड चांगलं आहे." मग त्याचं लक्ष चुलीकडे गेलं. "हे काय शिजतंय?"

"ग्रिसेलच्या मापाची वात. तिचा ताप उतरला, भावजी."

त्याने खाटेकडे पाहिलं. चेहऱ्यावरचं हसू गेलं, पण चेहरा कठोर झाला नाही. "बरं झालं. पण वहिनी, रविवारी नेऊ नका. थोडे दिवस जाऊ द्या. कोण काय पेटवतंय, हे लोक या दिवसांत लक्षात ठेवतील. भाऊ असता तर बोललो नसतो."

त्याच वेळी चर्चची घंटा सुरू झाली. जेनेट दारापर्यंत गेली. थोरल्या राणीसाठी रडायचं की धाकटीसाठी हसायचं, ते घंटेच्या आवाजावरून कळत नव्हतं. ती परत आली तेव्हा तिने खाली ठेवलेला दोरा मॉडने उचलून मेणातून ओढून काढला होता. वात ओली, पिवळी, लखलखत होती.

"गाठ कुठंय गं?" मॉडने विचारलं.

"मला वाटलं, तुम्ही..."

"मला वाटलं, तू मारलीस."

दोघींनी दोन्ही टोकं उजेडाकडे धरून पाहिली. दोन्ही सारखीच होती. मॉडने दोन्ही टोकांवरून अंगठा फिरवला. मग वात गरम आहे तोवर तिने तिचं गोल वेटोळं केलं.

"असू दे," ती म्हणाली. "सिथाला माहीत आहे. तिच्यासमोर पेटव, ती बघून घेईल."

जेनेटने ते वेटोळं तागाच्या फडक्यात गुंडाळून कपड्यांच्या पेटीत ठेवलं.

खरं सांगायचं तर त्या हिवाळ्यात तिला अडवणारं कुणी नव्हतं. चर्चमध्ये जुनीच प्रार्थना चालू होती, जुन्याच मेणबत्त्या जळत होत्या. कुठलाही हुकूम अजून डोंगर चढून आला नव्हता. ती गेली असती, वात पेटवली असती, संपेपर्यंत गुडघे टेकून बसली असती, तर कुणी हूं की चूं केलं नसतं. पण तिने पाद्रीबाबांना विचारलं. पाद्रीबाबा चांगला माणूस होता. त्याला फक्त जगायचं होतं. तो म्हणाला, "थांब." ती थांबली.

मॉडला त्या तापाने बर्फ पडायला लागल्यावर गाठलं. जेनेट तिच्या उशाशी बसली होती. म्हातारीचे डोळे मिटलेलेच होते.

"पेटवलीस?"

"कथबर्ट भावजी म्हणतात, अजून थोडं..."

"कथबर्टच्या उंचीची नाहीये ती," मॉड म्हणाली.

त्यानंतर तिने पाणी मागितलं. तेच तिचं शेवटचं बोलणं.

हुकूम उन्हाळ्यात आला. घोड्यांवरून आलेली माणसं चर्चच्या अंगणात उभी राहिली आणि मूर्ती बाहेर काढल्या गेल्या. या वेळी गवताची गंजी चालणार नव्हती. जाळायचं होतं, आणि डोळ्यांदेखत जाळायचं होतं. कथबर्टने सिथाला खांद्यावरून आणलं, एखाद्या झोपलेल्या मुलीला आणावं तसं. गाव गोल करून उभा होता. जेनेट ग्रिसेलचा हात धरून दुसऱ्या रांगेत होती. आधी झग्यावरचा निळा रंग फुगला. मग हात काळे पडले. ते कोळसा होऊन मनगटापासून गळाले, तेव्हा किल्ल्यांचा जुडगा निखाऱ्यांत पडला. आवाज लहानसाच झाला. पण लोकांनी माना खाली घातल्या.

संध्याकाळी कथबर्टने काठीने राख उकरून किल्ल्या काढल्या आणि आपल्या गोठ्यातल्या खिळ्याला टांगल्या. तिकडे चर्चमध्ये कोनाडा विटांनी बुजवून त्यावर चुना फासला. आठवडाही झाला नसेल, खिळा रिकामा झाला.

"लोखंड दिसलं की लोकांचे हात लांब होतात," तो म्हणाला. पण त्यानंतर त्याने किल्ल्यांचा विषय काढला नाही.

शरदात ग्रिसेलचा झगा आखूड झाला. पोर भराभर वाढत होती. दुखण्यातून उठलेली मुलं वाढतात तशी. जेनेटने शिवण उसवली, कापड खाली सोडलं आणि लांबी बघायला काही हाताशी हवं म्हणून पेटी उघडली. फडक्यातली वात तिच्या हाताला लागली. थांबावं, असं तिला वाटलं. पण ती थांबली नाही. चुलीजवळ नेऊन तिने वेटोळं थोडं ऊब देऊन सैल केलं, आणि ग्रिसेल पेंगत पडली होती तिथे, टाळूपासून खाली हलकेच सोडलं.

वात टाचेपाशी संपली. नेमकी.

जेनेटने पुन्हा धरून पाहिली. झगा तर बोटभर आखूड झाला होता. मग वातही वर्षापूर्वीच्या मुलीएवढीच असायला हवी, घोट्यापाशी कुठेतरी संपायला हवी. तिने बोटं फिरवली. कुठे जोड नव्हता. मेण कुठे पातळ झालं नव्हतं. जणू कालच मॉडच्या हातून निघाली असावी. माप चुकलं असेल, असं तिने स्वतःला सांगितलं. मेण सैलावतं, असंही सांगितलं. चरबीच्या दिव्यावर जगणाऱ्या बाईला मेणाचं काय कळतं? हेही सांगितलं. मग तिने वात गुंडाळून पेटीच्या तळाशी, नवऱ्याच्या सदऱ्याखाली ठेवली.

त्यानंतर घरात अधूनमधून वास येऊ लागला. विझलेल्या मेणबत्तीचा. मेण तर कुणी पेटवत नव्हतं.

एके दिवशी ती मेंढ्या आत घालून आली. धुकं इतकं दाट होतं की दुपार होती की संध्याकाळ ते मेंढ्यांनाच ठाऊक. घरात चूल तेवढी लाल दिसत होती. ग्रिसेल खाटेवर उताणी, सरळ, पाय जुळवून पडली होती.

"अशी काय पडलीस? लाकडासारखी."

"तिनं सांगितलं, हलू नकोस."

"कोणी?"

"मापवाली. ती येते ना." ग्रिसेलने मान न हलवता तिच्याकडे पाहिलं. "मला वाटलं, तूच पाठवतेस तिला."

जेनेट खाली बसली.

"कशी आहे ती?"

"अंधार असतो, आई. नीट दिसत नाही. किल्ल्या वाजतात तिच्या. हात फार गार आहेत. आणि काळे..." मुलीने आवाज आणखी खाली आणला. "बोटं नाहीयेत सगळी."

"बोलली काही?"

"दर वेळी तेच विचारते."

"काय विचारते?"

"डोकं कुठल्या बाजूला?"

चुलीतली वीट खचून बसली. जेनेटने दिवा पेटवला आणि मुलीजवळ धरला. ग्रिसेलच्या टाळूवर, भांगाच्या सुरुवातीला, काजळीचा एक पुसट डाग होता. तसाच डाग टाचेला.

त्या रात्री जेनेटला मॉडचं बोलणं पुन्हा पुन्हा ऐकू आलं. सिथाला माहीत आहे, ती बघून घेईल. पण आगीतून गेलेल्या बाईला काय आठवत असेल, काय विसरलं असेल? जिने नवस ऐकला होता ती एक. आणि आता जी मागायला येते, तिला कुठलं टोक डोक्याचं हेच ठाऊक नव्हतं. तरीही तिला आपलं हवं होतं. आणि मुलगी वाढेल तसं मागणं वाढत होतं.

दुसऱ्या दिवशी तिने ग्रिसेलला कथबर्टच्या घरी सोडलं.

"कुठं निघालात, वहिनी?" कथबर्टने विचारलं.

"चर्चची फरशी घासायची आहे. पाद्रीबाबा म्हणाले होते."

त्याची नजर तिच्या शालीखालच्या गुंडाळीवर गेली. तो काही बोलणार होता. मग त्याने कमरेची चर्चची किल्ली काढून तिच्या हातात दिली आणि तोंड फिरवून म्हणाला, "मला काही दिसलं नाही. लवकर परत या."

चर्चमध्ये चुन्याचा ओला वास होता. सगळ्या भिंती आता पांढऱ्या. पूर्वी या वेळेला संतांचे चेहरे, सोनेरी कडा, कुणाचा तरी हात असं काही ना काही अंधारातून दिसत राहायचं आणि एकटं वाटायचं नाही. आता पांढऱ्यातून अंधार हळूहळू वर येत होता. डाव्या भिंतीत, कोनाडा होता तिथे चुना इतक्या महिन्यांनीही पुरता वाळला नव्हता. जेनेटने त्याच्यासमोर गुडघे टेकले आणि फडकं सोडलं.

दोन टोकं. दोन्ही सारखी. तिने दोन्ही मुठी पाठीमागे नेल्या, लहानपणी खडा कुठल्या हातात ते ओळखायला करायचे तशा, आणि उजवी पुढे आणली. तिच्याजवळ दुसरा काही उपाय नव्हता.

"बाई," ती पुटपुटली, "उशीर झाला. माझीच चूक आहे. पण तुझं तू घे आणि माझं मला सोड."

तिने चकमक झाडली. वात लगेच धरली. मेणाचा गोड, जुना वास पसरला आणि क्षणभर तिचे डोळे भरून आले; लग्नाचा दिवस आठवला, थोरल्याचं नामकरण आठवलं. मग भिंतीच्या आतून, विटांच्या मागून आवाज आला. किल्लीवर किल्ली आपटल्याचा. एकदाच. थोड्या वेळाने पुन्हा. जुडग्यातून कुणीतरी एकेक किल्ली पुढे ढकलत होतं, हवी ती शोधत असल्यासारखं...

जेनेट जागची हलली नाही. संपेपर्यंत थांबायचं, असं तिने ठरवलं होतं. ज्योत वातीवरून खाली सरकू लागली, आणि मेणाच्या वासात दुसरा वास मिसळला.

जळक्या केसांचा.

तिने ज्योत चिमटीत धरून विझवली. बोटं भाजली ते तिला नंतर कळलं. भिंतीतला आवाज तत्क्षणी थांबला. दूर गेला नाही, विरला नाही. जुडगा वाजू नये म्हणून कुणी मुठीत गच्च धरावा, तसा थांबला.

कथबर्टच्या घरापर्यंत ती कशी पळत आली ते तिला कधीच सांगता आलं नाही. दार उघडंच होतं. कथबर्टची बायको ग्रिसेलच्या डोक्यावर ओलं फडकं धरून बसली होती.

"ठिणगी उडाली वाटतं," ती म्हणाली. "पण कशी उडाली, जाऊबाई? पोर चुलीपासून ही एवढी लांब, दाराशी बसलेली. एकदम केसांतून धूर. ओरडली नाही बघा, नुसती तुमचं नाव घेत राहिली."

टाळूवर नाण्याएवढा डाग होता. तिथले केस परत आले, पण पांढरे आले.

कथबर्टने जेनेटकडे पाहिलं, तिच्या भाजलेल्या बोटांकडे पाहिलं.

घरी येऊन, दाराला अडसर घालून जेनेटने फडकं उघडलं. आता निदान एवढं तरी कळलं होतं: जळलेलं टोक ते डोक्याचं. तिथे गाठ मारता येईल, खूण करता येईल. तिने वात दिव्याजवळ नेली. एक टोक पाहिलं, दुसरं पाहिलं. दोन्ही पिवळी, स्वच्छ, सारखी. काजळीचा कण नव्हता. मुलीच्या अंगावर धरून पाहायचं तिला धैर्य झालं नाही, पण लांबी कमी झालेली नाही हे तिच्या हातांना कळलं.

पुन्हा पेटवायची तर पुन्हा तसाच हात पुढे करायचा. ठेवायची तर ती बाई पुन्हा येणार. जेनेटने ठेवली.

वर्षं गेली. ग्रिसेल वाढली, वातही वाढली. ग्रिसेल वाढायची थांबली, तेव्हा वातही थांबली. तिचं लग्न झालं, शेजारच्याच खोऱ्यात. माप घेणारी तिकडे जाते की नाही, हे जेनेटने कधी विचारलं नाही आणि ग्रिसेलने सांगितलं नाही. ती मोठी होत गेली तसं लहानपणचं बरंचसं विसरली. टाळूवरची पांढरी बट मात्र ती टोपीखाली दाबून ठेवायची.

पुन्हा दोन राण्या झाल्या होत्या. आता दुसरी स्कॉटलंडची, जुन्या धर्माची, आश्रयाला आली आणि कैदेत पडली. एका किल्ल्यातून दुसऱ्या किल्ल्यात तिला हलवत होते. उत्तरेत लोक दारं लावून कुजबुजत: ती बसली गादीवर, तर संत परत येतील. त्या कुजबुजीपायी एका हिवाळ्यात कित्येकजण फासावर गेले. जेनेटला गादीचं काही नव्हतं. तिला त्या भिंतीतल्या विटा काढलेल्या हव्या होत्या. कोनाड्यात कुणीतरी नवं लाकूड कोरून उभं करावं, पाद्रीने त्यावर पाणी शिंपडावं, आणि कुठलं टोक डोक्याचं हे जिला माहीत आहे अशी ती पहिली बाई परत यावी. तेवढ्यासाठी ती त्या कैदेतल्या राणीच्या आयुष्यासाठी रोज प्रार्थना करायची, मनातल्या मनात, ओठ न हलवता.

एका फेब्रुवारीत घंटा वाजू लागल्या. ग्रिसेल तेव्हा माहेरी आली होती. इतक्या वर्षांनी, कुणाची आशा उरली नव्हती तेव्हा, तिला दिवस गेले होते. ती चुलीजवळ पाय पसरून ओटची भाकरी खात होती. चेहऱ्यावर असं तेज होतं की जेनेटला तिच्याकडे फार वेळ पाहवत नव्हतं.

कथबर्ट काठी टेकत आला. दात गेले होते, हसू तेवढं राहिलं होतं. तेही त्या दिवशी नव्हतं.

"स्कॉटलंडची गेली, वहिनी," तो म्हणाला. "डोकं उडवलं. आनंदाच्या वाजवा म्हणून हुकूम आहे, म्हणून आनंदाच्या वाजवतोय."

जेनेटने मान हलवली. तो थोडा वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "तो कोनाडा... परवा चुना पडलाय तिथला. आतल्या बाजूनं घासल्यासारखा. मी परत फासतो." आणि गेला.

ग्रिसेलने भाकरीचा तुकडा खाली ठेवला.

"आई, काल संध्याकाळी मी इथे पडले होते, तेव्हा तू माझ्या पोटावर दोरा धरला होतास का गं?"

"मी? काल मी मधमाश्यांच्या टोपल्यांना गवत बांधत होते. अंधार पडेपर्यंत."

"मग मला स्वप्न पडलं असेल. अर्धवट झोपेत होते." ती हसली. "म्हटलं, माझी आई बाळाच्या बाळंत्याचं माप घेतेय. पण हात किती गार होते तुझे."

"काही विचारलं का... तिनं?"

"कोणी?"

"काही नाही. खा तू."

जेनेट आतल्या खोलीत गेली. पेटी भिंतीशी होती तिथेच होती. झाकण उघडायच्या आधीच तिला वास आला. नवऱ्याचा सदरा बाजूला केला, फडकं उलगडलं. मोठं वेटोळं होतं तसंच होतं. त्याच्या मधोमध, पोकळीत, आणखी एक वेटोळं होतं. अंगठीएवढं. दोरा इतका बारीक की केस वाटावा. मेण अजून कोमट होतं.

तिने ते तळहातावर घेऊन खिडकीच्या उजेडात धरलं. एक टोक पाहिलं, दुसरं पाहिलं. गाठ नव्हती.

बाहेरच्या खोलीतून ग्रिसेलने हाक मारली, "आई, काय शोधतेयस?"

"किल्ली," जेनेट म्हणाली, आणि आपण असं का म्हणालो हे तिला कळलं नाही.

तिने दोन्ही वाती होत्या तशा गुंडाळून ठेवल्या. घंटा दिवे लागणीपर्यंत वाजत होत्या. मोठी वात अजून पुन्हा पेटवलेली नाही. लहानही नाही.